मिया मॉटली यांची कारकीर्द: घराण्याचा वाटा किती?

प्रश्न: बार्बाडोस या कॅरिबियन बेटराष्ट्राच्या पंतप्रधान मिया मॉटली यांचे आजोबा राजधानी ब्रिजटाऊनचे महापौर होते आणि वडीलही संसदेत होते, मग तिशीच्या आतच त्यांना शिक्षणमंत्रिपद मिळाले, ते घराण्याच्या नावामुळेच ना?

उत्तर १: नावाचा उपयोग झालाच असणार, परंतु १९९१ मध्ये त्या पहिलीच निवडणूक दोनशेहून कमी मतांनी हरल्या आणि १९९४ मध्ये त्याच मतदारसंघातून निवडून आल्या, हे नजरेआड करता कामा नये.

उत्तर २: मला २०१० हे वर्ष अधिक बोलके वाटते. स्वपक्षाच्याच खासदारांनी त्यांना विरोधी पक्षनेतेपदावरून दूर केले, तेव्हा आजोबांची पुण्याई कामी आली नाही. २०१३ मध्ये ते पद पुन्हा मिळवून त्यांनी २०१८ मध्ये पक्षाला संसदेच्या तीसच्या तीस जागा जिंकून दिल्या, ही कमाई मी निःसंशय त्यांचीच मानतो.