मदत हवी आहे: तलावात बुडणाऱ्या करंजाच्या खोडावर ही जेली कसली?

नमस्कार मंडळी. मी गोंदिया जिल्ह्यात शाळेत विज्ञान शिकवतो. गावाला कोहळी समाजाने बांधलेला जुना मामा (माजी मालगुजारी) तलाव आहे. पाळीच्या (तलावाच्या बांधाच्या) आतल्या अंगाला करंजाची सात-आठ झाडं आहेत. पावसाळ्यात ती छातीभर पाण्यात उभी असतात आणि धान कापणीला येईस्तोवर पाणी बुडाखाली उतरतं.

पाणी जिथवर चढतं, तेवढ्याच पट्ट्यात सालीवर काळपट, सुरकुतलेलं काहीतरी चिकटलेलं आहे. वाळलं की जळक्या कागदासारखं, हात लावला की तुटतं. एक तुकडा वाटीत भिजवला, तर थोड्याच वेळात सब्जासारखा फुगला. रंग शेवाळी झाला आणि उजेडात धरल्यावर आरपार दिसू लागलं. त्यावर मोहरीहून बारीक, तांबूस-तपकिरी चकत्या आहेत.

आधी वाटलं नॉस्टॉक, म्हणजे जेलीसारखं निळं-हिरवं शेवाळ असेल. पावसाळ्यात आमच्या मुरमाड जागेवर त्याचे बुळबुळीत गोळे पडलेले असतात, मुलं त्यावरून घसरतात. पण ते जमिनीवर नुसते पडून असतात, हे सालीला घट्ट धरून आहे. आणि त्या गोळ्यांवर मी चकत्या कधी पाहिल्या नाहीत.

मग हे दगडफुलाच्या जातीचं, म्हणजे शैवाक (बुरशी आणि शैवाल मिळून झालेला जीव) आहे का? शाळेच्या सूक्ष्मदर्शकावर खात्री कशी करू? घाई अशासाठी की पाळीच्या दुरुस्तीत ही झाडं तोडायची चर्चा आहे. मुळांनी पाळ फुटते ही लोकांची भीती खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. पण ग्रामसभेत बोलायचं तर हे काय आहे ते आधी मला कळायला हवं.

प्रतिसाद

सर, चकत्या आहेत म्हणजे जेली शैवाक असण्याचीच शक्यता जास्त. त्या बुरशीच्या बीजाणूंच्या जागा, नुसत्या नॉस्टॉकला त्या येत नाहीत. दगडफुलात शैवालाचा वेगळा थर असतो. जेली शैवाकात तसा नसतो. नॉस्टॉकच्या मण्यांसारख्या पेशींच्या माळा सगळ्या अंगभर बुरशीच्या तंतूंत गुंतलेल्या असतात, आणि फुगतं ते नॉस्टॉकचं जेलीसारखं आवरण.

ओला तुकडा गाजराच्या दोन फोडींत धरा, नव्या ब्लेडने जमेल तितका पातळ आडवा काप घ्या आणि ४०० पटीवर बघा. मण्यांच्या माळांमधून रंगहीन बारीक तंतू गेलेले दिसले तर शैवाक. कडेला पेशींची एकच ओळ सलग असेल तर लेप्टोजियम नावाचं जेली शैवाक, तशी ओळ नसेल तर कोलेमा या दुसऱ्या जेली शैवाकाच्या गोतावळ्यातलं. नमुना प्लास्टिकमध्ये ठेवू नका, बुरा येतो. कागदी पाकिटात ठेवा.

पाण्याच्या खुणेपुरतंच का, त्याचंही उत्तर नॉस्टॉकमध्ये असावं. हिरवं शैवाल असलेली बरीच शैवाकं नुसत्या दमट हवेवरही अन्न बनवू लागतात. नॉस्टॉकवाल्यांना मात्र पाणीच लागतं, नुसती वाफ पुरत नाही. कॅनडातल्या ऑन्टॅरिओत लेप्टोजियम रिव्ह्युलारे नावाचं शैवाक असंच जगतं: बर्फ वितळल्यावर डबक्यात बुडणाऱ्या आणि पुढे कोरड्या पडणाऱ्या झाडांच्या खोडांवर. तुमचं तेच आहे असं मी म्हणत नाही, पण जगण्याची रीत तीच दिसते. बुडणंही हवं आणि उघडं पडणंही.

आणि नॉस्टॉक हवेतला नत्र बांधतं. बांधीतल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं धानाला असलेलं मोल शेतकऱ्यांना समजावणं सोपं जाईल.

धागाकर्ता

मनापासून आभार. चार काप वाया गेले, पाचवा जमला. माळांमधून तंतू स्पष्ट दिसले, आणि कडेला चौकोनी पेशींची एक ओळ! वर्गातल्या प्रत्येक पोराने भिंगाला डोळा लावला.

झाडं मोजून आलो. त्यातली तीन पाळीपासून दूर, तलावाच्या पोटात उभी आहेत, त्यांची मुळं पाळीत शिरायचा प्रश्नच नाही. निदान ती तीन राखा, एवढंच ग्रामसभेत मागणार आहे. पाळीवरची तोडली गेलीच, तर त्यांच्या सालीचे तुकडे या तिघांच्या खोडाला बांधले तर शैवाक तिथे धरेल का? कोणी करून पाहिलं असेल तर कृपया सांगा.