लेक मिशिगनला गाडीने पूर्ण वळसा, नऊ रात्री तंबूत: बेत जमेल का?

नवातंबू:
शिकागोहून मी आणि बायको जुलैच्या शेवटी निघतोय. ग्रीन बे, एस्कनाबा, म्युनिसिंग, टक्वामेनन धबधबा, मॅकिनॉ पूल, खाली स्लीपिंग बेअर आणि घरी. नऊ रात्री, नऊ मुक्काम. तंबू नवा आहे, आजवर फक्त हॉलमध्ये उभारलाय. बायको म्हणते बेत घाईचा आहे, मी म्हणतो भरगच्च आहे. अनुभवी लोकांनी निकाल द्यावा. आणि तिकडे अस्वलं असतात म्हणे, मग स्वयंपाक कुठे करायचा?

मिलवॉकीची मावशी:
वहिनी बरोबर आहेत. आम्ही दोघांनी हाच वळसा घेतला तेव्हा सात रात्रींत सहा मुक्काम केले होते. रोज सकाळी ओला तंबू गुंडाळायचा, रोज संध्याकाळी 'खुंट्यांची पिशवी कुठे ठेवलीस?' यावरून वाजायचं. तीन ठिकाणं धरा, प्रत्येकी तीन रात्री.

दिशा मात्र छान निवडलीत. पश्चिम किनाऱ्याने वर, पूर्व किनाऱ्याने खाली, म्हणजे लेक मिशिगन सतत उजव्या हाताला. रीतसर प्रदक्षिणाच! एस्कनाबाच्या आधी घड्याळ तासभर पुढे जातं, हे लक्षात ठेवा. आम्ही विसरलो आणि बंद ऑफिससमोर उभे राहिलो.

मॅनिस्टिकजवळचा किच-इटी-किपी हा झरा चुकवू नका. चाळीस फूट खोल, पण तळाची वाळू उकळत्या भातासारखी खदखदताना स्पष्ट दिसते. तराफा आपणच चाक फिरवून ओढायचा. ह्यांनी उत्साहाने चाक धरलं आणि अर्ध्या वाटेत एका शाळकरी मुलीच्या हवाली केलं.

पहिला तळ पिक्चर्ड रॉक्सला, म्हणजे म्युनिसिंगजवळ लेक सुपीरियरच्या काठी, ट्वेल्व्हमाइल बीचवर. आरक्षण करूनच जा. तिथे वीज नाही, आंघोळीची सोय नाही. जमीन वाळूची, त्यामुळे तंबूबरोबर आलेल्या खुंट्या लोण्यातून सुरी निघावी तशा निघतात. रात्री वारा सुटला आणि तंबूचं वरचं कापड आमच्या तोंडावर फडफडायला लागलं. शेवटी तांदळाच्या रिकाम्या पिशव्यांत वाळू भरली, त्यांना दोऱ्या बांधल्या आणि पिशव्या हातभर खोल पुरल्या. मग मात्र हललं नाही काही.

समोरचा सुपीरियर म्हणजे महाराष्ट्राच्या चौथाईहून मोठं पाणी, आणि जुलैतही गार. मी घोट्यापर्यंत उभी राहून वीस आकडे मोजले आणि बाहेर आले.

अस्वलं काळी असतात आणि बहुतेक लाजरी. पण खाणं, टूथपेस्ट, साबण, सगळं रात्री गाडीत कुलूपबंद. फोडणी तंबूपासून लांब द्या आणि त्या कपड्यांत झोपू नका. भाजणी जरूर न्या. बिडाच्या तव्यावर थालीपीठ लावलं की शेजारचे तंबू चौकशीला येतात. घरचं सरपण मात्र नेऊ नका, तिथलंच घ्या. लाकडातून किडे पसरतात. अ‍ॅश झाडं पोखरणारा हिरवा भुंगेरा २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला आणि तेव्हापासून कोट्यवधी झाडं गेली.

अर्धाकप:
मावशींशी सहमत. फक्त स्लीपिंग बेअरला एक सूचना. तिथे साडेचारशे फुटांचा वाळूचा कडा थेट पाण्यात उतरतो. उतरायला काही मिनिटं लागतात, चढताना हातापायांवर यावं लागतं. मी तासाहून जास्त वेळ घेतला आणि वर येऊन कुणाशी बोललो नाही.

नवातंबू:
घरात निकाल वाचून दाखवला. पुढचे नऊ दिवस मला हे ऐकावं लागणार. मग टक्वामेनन गाळू का? आणि डासांसाठी कुठला स्प्रे?

मिलवॉकीची मावशी:
गाळू नका, वाटेवरच आहे. तिथे राहायची गरज नाही, दोन-तीन तास पुरतात. दोनशे फूट रुंद धबधबा आणि पाणी थेट कोऱ्या चहाच्या रंगाचं. कारणही चहाचंच: वरच्या दलदलीतल्या सीडरच्या झाडांचं टॅनिन.

डासांना साधा स्प्रे चालतो. खरा ताप स्टेबल फ्लाय नावाच्या माशीचा. दिसायला घरातली माशी, चावायला सुई. दक्षिणेचा वारा सुटला की सुपीरियरच्या किनाऱ्यावर थव्याने येतात, थेट घोट्यांवर बसतात आणि स्प्रेला भीक घालत नाहीत. ह्यांनी हाफ पँट सोडायचं नाकारलं होतं. दहाव्या मिनिटाला गाडीच्या काचा वर करून आत बसले, जेवणही तिथेच मागवलं. रोज सकाळी वाऱ्याची दिशा बघा. दक्षिणेचा असेल तर किनारा सोडा आणि धबधब्याचा दिवस तेव्हा करा. आणि जाड पायमोजे घ्या, पँट त्यात खोचा. फोटो वाईट येतात, येऊ देत.

नवातंबू:
पायमोजे लिहून घेतले. बायको विचारतेय, भाजणी किती न्यायची?

मिलवॉकीची मावशी:
दोघांना लागेल त्याच्या दुप्पट. शेजारचे तंबू येतात म्हटलं ना.