गेम 'संपवला', 'केला' की 'खेळून झाला'?

सारीपाट:
गेल्या शनिवारी रात्री 'बाल्डर्स गेट ३' हा व्हिडिओ गेम एकदाचा शेवटाला गेला. पडद्यावर नामावळी वर सरकत होती आणि ही बातमी एका जुन्या मित्राला कळवावी म्हणून मी मोबाईल घेतला. 'गेम' एवढं लिहिलं आणि अडलो. 'गेम केला' म्हणावं तर तो विचारणार, कुणाचा? 'गेम वाजवला' त्याहून भयंकर. 'जिंकलो' म्हणावं तर मी हरवलं कुणाला? 'खेळ संपला' हे आपण गेलेल्या माणसाबद्दल बोलतो. शेवटी 'फिनिश केला' असं लिहून झोपलो, पण सकाळी चहा पितानाही ते टोचत होतं.

पुस्तक वाचून होतं, सिनेमा बघून होतो, भाकऱ्या थापून होतात. त्याच चालीवर 'खेळून झाला' म्हणता येईल, पण लहानपणी 'झालं का खेळून? हातपाय धुवा आता' अशी हाक यायची तेव्हा खेळ कुठे संपलेला असायचा? उजेड संपलेला असायचा.

'संपवला'बद्दल माझी खरी तक्रार वेगळी आहे. हा गेम बेल्जियमच्या लॅरियन कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये आणला. त्याचे तीन अंक आहेत (भाग म्हणू नका, अंकच म्हणा, आपल्याकडे तीन अंकांची सवय जुनी आहे). तिसऱ्या अंकात अख्खं शहर उघडतं. मी त्यातल्या अर्ध्या गल्ल्यांत शिरलोही नाही. म्हणजे कथा संपली, गेम शिल्लक आहे. इंग्रजीत 'बीट केला' म्हणतात, म्हणजे गेमला हरवलं. तीन महिने ज्याच्यासोबत रोज जेवणानंतर बसलो त्याला हरवायचं कशाला?

माझा शब्द: पारायण. 'बाल्डर्स गेटचं एक पारायण झालं.' दुसऱ्यांदा खेळलात की दुसरं पारायण. कसा वाटतो?

भिडू नं. ४:
कानाला गोड लागतो पण बसत नाही. पारायणात पोथी तीच असते, एक ओवी इकडची तिकडे होत नाही. इथे पहिल्या वेळी मी ज्याला सोबत घेतलं त्याला दुसऱ्या वेळी पहिल्या अंकातच मारून टाकलं, आणि पुढची सगळी पोथीच बदलली. मी 'तडीस नेला' म्हणतो. तड म्हणजे काठ. नाव काठाला लागली की झालं, नदी सगळी पाहिली की नाही हा प्रश्नच नाही. तुमच्या अर्ध्या गल्ल्यांचीही सोय होते.

आणि 'पार्टी मेंबर' म्हणणाऱ्यांना विनंती, 'भिडू' हा शब्द असताना पार्टी कशाला? एका वेळी आपण धरून चौघंच चालतात, बाकीचे तळावर. लहानपणी भिडू वाटून घेताना कुणीतरी एकटा उरायचा, त्याच्या तोंडावर जो भाव असायचा तोच मला तळावर ठेवलेल्या विल नावाच्या भिडूच्या तोंडावर दिसतो.

सारीपाट:
'तडीस' मान्य. तळावरून आठवलं, यातल्या लाँग रेस्ट आणि शॉर्ट रेस्टला काय म्हणता? मी मनातल्या मनात मुक्काम आणि विसावा म्हणत खेळलो. वारीत हेच दोन शब्द वेगवेगळे आहेत: विसावा म्हणजे घटकाभर टेकणं, मुक्काम म्हणजे रात्रीचा. गेमचा नियमही तसाच आहे, दोन विसावे वापरले की मुक्काम केल्याशिवाय तिसरा नाही.

उचकापाचक:
माझं आयडीच सांगतं मी काय बोलणार ते. गेममध्ये सापडेल ते उचलण्याला 'लूट' म्हणतात. हा शब्द आपल्याकडून इंग्रजीत गेला आणि आता 'लूट बॉक्स' होऊन परत आला. पण मराठीत लूट म्हटलं की घोडे, तलवारी, सुरत. एखाद्या गरीब म्हातारीच्या घरात शिरून तिच्यासमोर तिचे माठ, पेट्या, कपाटं उघडून दोन बटाटे आणि एक चमचा घेणं ही लूट नव्हे. तिला शब्द एकच: उचकापाचक. बाल्डर्स गेटमध्ये माझे निम्मे तास त्यातच गेले. एकही मडकं सोडलं नाही. शेवटी लढाईत वापरलं काय? काही नाही. सगळी औषधं आणि मंतरलेल्या गुंडाळ्या 'पुढे लागतील' म्हणून जपल्या आणि तशाच उरल्या. आमच्या घरात श्रीखंडाचे रिकामे डबे असेच साठतात.

भिडू नं. ४:
तुमच्या पाठपिशवीला इन्व्हेंटरी म्हणू नका, पोतडी म्हणा.

अर्धा डाव:
मी बाल्डर्स गेट खेळलेलो नाही, माझा लॅपटॉप त्याच्या नावानेच तापतो. पण 'डिस्को एलिझियम' नुकताच तडीस नेला (घ्या, वापरला तुमचा शब्द), त्यामुळे 'रोल-प्लेइंग'बद्दल, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायच्या गेमबद्दल, बोलायचं आहे. सर्रास 'भूमिका' म्हणतात. मला ते आजवर सरकारी भाषांतर वाटायचं. या गेमने मत बदललं.

मराठीत 'भूमिका'चे दोन अर्थ आहेत. नट भूमिका करतो आणि पक्ष भूमिका घेतो. डिस्कोमध्ये हे दोन्ही एकाच वेळी चालतं. तुम्ही एक पोलीस आहात, दारू पिऊन स्वतःचं नावही विसरलेले, रेव्हाशोल नावाच्या मोडकळीला आलेल्या शहरात एका झाडाला टांगलेल्या प्रेताचा तपास करायचा आहे. लढाई जवळजवळ नाहीच, सगळं बोलण्यात. आणि बोलता बोलता गेम नोंद ठेवतो की हा माणूस कम्युनिस्ट बोलतोय, फॅसिस्ट बोलतोय, बाजारवादी बोलतोय की कुंपणावर बसलाय. तुम्ही सहज थट्टेत एक वाक्य निवडता, आणि चार वाक्यांनंतर ती तुमची भूमिका झालेली असते. करायला गेलो एक भूमिका, घेऊन बसलो दुसरी. हा श्लेष इंग्रजीतल्या 'रोल'ला जमत नाही. एस्टोनियातल्या ज्या मंडळींनी २०१९ मध्ये हा गेम केला (पाहा, इथे 'गेम केला' बिनधास्त चालतं), त्यांना मराठी येत असतं तर आनंद झाला असता.

पण भूमिकेपेक्षा जवळचा शब्द 'सोंग'. दशावतारातलं, बोहाड्यातलं. सोंग घेणारा माणूस आत कोण आहे हे गावाला माहीत असतं, तरी राक्षस आला की पोरं पळतात. डिस्कोतला नायक सुपरस्टार पोलिसाचं सोंग आणू शकतो, पश्चात्तापदग्ध माणसाचं आणू शकतो, जगबुडीची भविष्यवाणी करणाऱ्याचंही. आणि मग खानावळवाला बिल पुढे करतो. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही, ही म्हण कुणी गेममध्ये बांधून दाखवली असेल तर ती इथे. मी पहिला दिवस रिकाम्या बाटल्या गोळा करून विकण्यात घालवला. एवढा मोठा गुप्तहेर, हातात पिवळी प्लास्टिकची पिशवी.

त्यातली २४ कौशल्यं नायकाच्या डोक्यात आपापल्या आवाजात बोलतात. एक आवाज तर्काचा, एक व्यसनाचा, एक थेट शहराचा. याला 'स्किल सिस्टिम' म्हणण्यात काय अर्थ आहे? हे अंगात येणं आहे.

एकच तक्रार: सुरुवातीलाच छताच्या पंख्याला लटकलेला टाय काढायला गेलो आणि हृदय बंद पडून मेलो. दोन मिनिटांत. हसावं की रडावं कळेना.

सारीपाट:
अर्धा डाव, तुमचा प्रतिसाद वाचून गेम घेतला, आता दोष तुमचा. त्यातले फासे मात्र मला बाल्डर्स गेटपेक्षा आवडले. बाल्डर्स गेटचा फासा वीस पैलूंचा, इथे साधे सहाचे दोन. दोन्हीकडे लोक 'रोल खराब आला' म्हणतात. अहो, 'दान' आहे ना. दान पडलं, दान फिरलं, मनासारखं दान. आजीच्या सारीपाटात हेच चालायचं. आणि डिस्कोत पांढरं दान पुन्हा मागता येतं (कौशल्य वाढवून आलात तर), लाल दान एकदाच. दोन्ही गेममध्ये तळाचं दान पडलं की तुम्ही कितीही निपुण असा, काम फसतंच: तिथे वीसपैकी एक, इथे दोन्ही फाश्यांवर एकेक.

कच्चा लिंबू:
आणि दान वाईट पडलं की जुना सेव्ह (आधी जतन केलेला टप्पा) उघडून पुन्हा टाकणाऱ्यांना काय म्हणायचं? आमच्या गल्लीत तयार शब्द होता. रडीचा डाव खडी!

मी स्वतः तोच प्राणी. पूलकरिणी या पात्राशी बोलताना (नाव मुद्दाम चुकीचं लिहितेय, रहस्यभेद नको) एकाच वाक्यासाठी अकरा वेळा सेव्ह उघडला. म्हणून मला नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेला बाल्डर्स गेटचा ऑनर मोड भीतीदायक वाटतो. एकच सेव्ह, मागे फिरणं नाही, आणि तडीस गेलात तर बक्षीस म्हणून सोनेरी फासा. मी सगळ्यात सोप्या पातळीवर खेळते आणि लाज वाटत नाही. मराठीत त्या पातळीला नाव आहेच, माझं आयडी बघा. कच्चा लिंबू बाद होत नाही, पण खेळात असतो.

उचकापाचक:
'ग्राइंड'ला शब्द सुचवा कुणीतरी. पातळी वाढावी म्हणून तेच ते लांडगे दोनशे वेळा मारायचे त्याला मी हमाली म्हणतो.

भिडू नं. ४:
हमालाला निदान मजुरी मिळते.

टिपणवही:
सगळे रोल-प्लेइंगवर तुटून पडलात, अ‍ॅडव्हेंचर राहिलं. त्याला 'साहसी गेम' म्हणणं मला पटत नाही. एक तर जुन्या धर्मशास्त्रात 'साहस' हा गुन्ह्याचा प्रकार आहे: बळजबरीने केलेलं कृत्य, दरोडा वगैरे. आज तो अर्थ राहिला नाही हे मान्य. पण आजच्या अर्थानेही बसत नाही. मी नुकताच 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' पुरा केला. ल्यूकस पोपने जवळजवळ एकट्याने केलेला, २०१८ चा. १८०२ मध्ये निघालेलं जहाज १८०७ मध्ये रिकामं परत येतं आणि तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे विमा तपासनीस. साठ माणसांपैकी प्रत्येकाचं नाव काय आणि काय झालं, हे वहीत भरायचं. साहस कसलं डोंबलाचं? कारकुनी आहे ती. पण असली कारकुनी की मी जेवायचं विसरलो. गेम तुमची उत्तरं एकेक करून तपासत नाही, तीन बरोबर झाली की एकदम शिक्का मारतो. त्या शिक्क्याचा आवाज अजून कानात आहे. माणसांची बोली, बूट, झोपायच्या झोळीवरचा नंबर, कोण कुणाशेजारी उभा आहे, एवढ्यावरून ओळखायचं. याला मराठी क्रियापद आहे: हुडकणे.

मुळात या प्रकाराला अ‍ॅडव्हेंचर का म्हणतात, तर १९७६ च्या सुमारास विल क्राउदर नावाच्या प्रोग्रामरने लिहिलेल्या गेमचं नाव तसं पडलं म्हणून. तो गुहा धुंडाळणारा माणूस, केंटकीतल्या मॅमथ केव्हमध्ये उतरायचा, तिथलीच गुहा त्याने शब्दांत उतरवली. चित्र एकही नाही, दोन शब्दांच्या आज्ञा टाइप करायच्या. १९७७ मध्ये डॉन वुड्सने तो वाढवला. एका गेमचं नाव अख्ख्या प्रकाराला चिकटलं, जसं आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा. तेव्हा त्याचं शब्दशः भाषांतर करून 'साहस' आणायची काही गरज नव्हती. मी 'धांडोळा' सुचवतो. धांडोळा-गेम.

अर्धा डाव:
धांडोळा-गेम कुणी म्हणणार नाही, पण धांडोळा घेणे हे क्रियापद पटलं.

कच्चा लिंबू:
मग 'आउटर वाइल्ड्स'ला काय म्हणाल? तिथे ना हाणामारी, ना पातळी, ना पोतडी. बावीस मिनिटं झाली की सूर्य फुटतो आणि तुम्ही पुन्हा त्याच शेकोटीपाशी डोळे उघडता. (हे पहिल्या अर्ध्या तासात कळतं, ओरडू नका.) लोक 'लूप' म्हणतात. मी तबला शिकले आहे, मला ते आवर्तनच वाटलं. बावीस मिनिटांचं आवर्तन, शेकोटी ही सम. आपण कुठेही भटकत असू, कुठल्या ग्रहाच्या पोटात असू, समेवर यावंच लागतं. शेवटी शेवटी तर पार्श्वसंगीत बदललं की हातातलं सोडून मी नुसती आकाशाकडे बघत बसायचे. आतापर्यंत खेळलेल्यांत हा माझा सर्वात लाडका आहे, आणि गंमत म्हणजे याचंच पारायण होत नाही. सगळी कमाई फक्त माहितीची, ती एकदा डोक्यात शिरली की दुसऱ्यांदा खेळायला काही उरत नाही.

सारीपाट:
'आवर्तन' घेतला. हा शब्द इतका चपखल आहे की माझ्या 'पारायण'ची मला जरा दया आली.

भिडू नं. ४:
पुण्याचा एक गेम कुणीच काढला नाही म्हणून मी काढतो. 'राजी', नॉडिंग हेड्सचा, २०२० चा. राजी नावाची मुलगी, राक्षसांनी पळवलेल्या गोलू नावाच्या भावाला शोधायला निघते, आणि तिची गोष्ट दुर्गा आणि विष्णू वरून बघत एकमेकांशी बोलत सांगतात. दिसायला देखणा. भिंतीवरची चित्रं बघायला मी लढाई सोडून उभा राहायचो. खांबाभोवती गरागरा फिरून त्रिशूळ मारण्यात मजा आहे, मात्र शेवटाकडे तेच ते होतं. आणि शेवट! तीन-चार संध्याकाळी खेळून रंगात आलो आणि गेम अचानक थांबला. 'संपला' म्हणवत नाही, 'तडीस गेला' तर नाहीच. याला काय म्हणू?

टिपणवही:
कीर्तनकार पूर्वरंग करून उठून गेला.

भिडू नं. ४:
हेच. वहीत लिहून ठेवतो.

सारीपाट:
एवढी चर्चा झाल्यावर मी धीर करून त्या मित्राला पुन्हा लिहिलं: 'फिनिश केला नाही रे, पहिलं पारायण झालं.' त्याने हात जोडल्याची दोन चित्रं पाठवली आणि विचारलं, प्रसादाला कधी येऊ?