लिनक्स राहू द्या, आधी लिब्रेऑफिस

वर कोणीतरी म्हटलंय की मित्राच्या मशीनवर विंडोज काढून थेट लिनक्स ही मोफत सिस्टिमच टाकून द्या, होते सवय. नाही पटत. मी तोच उद्योग रावेरला केला होता. मित्र केळीचा हिशेब ठेवणारा. ऐन कापणीत प्रिंटर रुसला, आणि 'भाऊ, माझं जुनंच बरं होतं' ऐकून घ्यावं लागलं. दोन वर्षं मी विषयच काढला नाही. मग त्याच्या विंडोजवर नुसतं लिब्रेऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारं मोफत सॉफ्टवेअर, टाकलं, जुनं काही काढलं नाही.

एक गोष्ट मात्र इथे कोणी लिहिली नाही. लिब्रेऑफिस हिशेबाची फाइल एक्सेलच्या नव्हे, ओडीएस फॉरमॅटमध्ये सेव्ह करतं आणि मग 'ही कसली फाइल?' म्हणून सीएचा फोन येतो. टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे जाऊन कायम एक्सएलएसएक्स हा एक्सेलचा फॉरमॅट लावून ठेवा. परवा त्या मित्रानेच विचारलं, 'याचे पैसे कधी भरायचे रे?'