‘पहिला बहावा कळवा’ म्हणे! निसर्गनोंदी की फोटोंची जत्रा?

आडवातिडवा (धागाकर्ता)

काल आपले पत्रकार बोरूबहाद्दर यांनी इथे लिहिलं की वर्तमानपत्रं, एफएम आणि वाहिन्यांनी दर उन्हाळ्यात ‘पहिला बहावा दिसला की आम्हाला कळवा’ अशी मोहीम काढावी. लोक झाडांकडे बघायला लागतील, अभ्यासकांना फुकटात विदा (डेटा) मिळेल, सगळ्यांचं भलं. प्रतिसाद लिहायला बसलो तो इतका लांबला की वेगळा धागाच काढला.

अहो, पण ‘पहिला’च का? पहिल्या फुलाच्या तारखेइतकी लबाड तारीख दुसरी नाही. गेल्या वर्षी दहा माणसं बघत होती, यंदा तुमच्या जाहिरातीमुळे दहा हजार बघणार. दहा हजारांत कुणाला ना कुणाला एखादं उतावीळ झाड सापडणारच. झाडं आहेत तिथेच, आहेत तशीच, पण तारीख पंधरवडाभर अलीकडे. लगेच मथळा तयार: ‘हवामानबदलामुळे बहावा लवकर फुलला!’ बघणारे वाढले, एवढाच काय तो बदल.

आणि न फुललेलं झाड कोण कळवणार? माझ्या रोजच्या वाटेवर तीन बहावे आहेत, एका रांगेत. मधल्याला यंदा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातच झुंबरं लटकली. कोपऱ्यावरचा १० मेच्या सुमारास उमलला. तिसरा गेल्या वर्षीच्या काळ्या शेंगा वाजवत अजून तसाच उभा आहे. तिघांत मिळून शंभर पावलांचं अंतर. तुमच्या मोहिमेत फोटो जाणार तो फक्त मधल्याचा.

ऋतुनोंद म्हणजे एक झाड धरायचं आणि दर आठवड्याला त्याच्याच खाली जाऊन उभं राहायचं, काही घडत नसलं तरी. याचा मथळा होत नाही. म्हणून माध्यमांनी यात पडू नये.

बोरूबहाद्दर

माझं नाव घेऊन धागा काढल्याबद्दल आभार, टीआरपी वाढला.

२००१ साली नेदरलँड्समध्ये वागेनिंगन विद्यापीठाच्या लोकांनी सामान्य माणसांच्या ऋतुनोंदी गोळा करणारी निसर्गाची दिनदर्शिका सुरू केली, तीच मुळी रविवारी सकाळच्या एका रेडिओ कार्यक्रमाला हाताशी धरून. ऐकणारे आधीपासून होते, त्यांना फक्त काम दिलं. इतकं लांब जायचं नसेल तर केरळ बघा. सीझनवॉच या झाडांच्या ऋतुनोंदींच्या उपक्रमात देशभरातून नोंदी येतात, त्यात केरळच्या शाळा सगळ्यांच्या पुढे. का? तिथे मातृभूमी या वर्तमानपत्राचा ‘सीड’ उपक्रम शाळाशाळांत रुजलाय म्हणून. माध्यमांनी यात पडू नये म्हणे!

आणि आपण ते तीन बहावे रोज बघता ना, मग त्याची नोंद कुठे केलीत? की तीही डोक्यातच?

नवखा_०७

छान चर्चा. माझ्या गच्चीवरच्या कुंडीत बहावा आहे, सहा वर्षं झाली, फूल येत नाही. काय करावं?

आडवातिडवा

@बोरूबहाद्दर, केरळचं उदाहरण देऊन तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतलात. तिथे ‘फोटो पाठवा, नाव छापू’ असा मामला नाही. पोरांना झाड नेमून दिलं आणि तक्ता हातात ठेवला. पानं, फुलं, फळं: नाहीत, थोडी, भरपूर. ‘नाहीत’ ही तिथे रीतसर नोंद आहे. तुमच्या मोहिमेत ‘नाहीत’ लिहायला रकाना आहे का?

नोंद वहीत आहे. तुम्हाला दाखवायला बांधील नाही.

रानवाट

धाग्याशी शंभर टक्के सहमत. माध्यमांनी हात लावला की त्या जागेची माती होते. काजव्यांचं काय केलंत ते विसरलात? पावसाआधीचे दोन-तीन आठवडे हा त्यांचा सगळा खेळ. नर चमकत फिरतात, माद्या खाली गवतात बसून उत्तर देतात, आणि त्या गवतातून आपली जनता चपला फटकारत, मोबाइलचे टॉर्च पाजळत हिंडते. आम्ही ज्या ओढ्याकाठी वीस वर्षं जात होतो तिथे एका वाहिनीने ‘आकाशगंगा जमिनीवर’ छाप काहीतरी दाखवलं. पुढच्या शनिवारी वाटेवर गाड्यांची रांग, सगळ्यांचे हेडलाइट चालू. एक गृहस्थ मला विचारतात, ‘शो किती वाजता सुरू होतो?’

बोरूबहाद्दर

ते पर्यटन झालं हो, नोंदी नव्हेत. दोन्हीची खिचडी करू नका.

रानवाट

खिचडी आम्ही नाही, तुम्ही करता. एकाच पानावर.

जिरायती

तुमचं शहरी भांडण चालू द्या. आधी ते ‘बहावा फुलला की ४५ दिवसांनी पाऊस’ छापणं बंद करा.

२०२३ ला माझ्या थोरल्या भावाने हेच वाचलं. कात्रण फोनवर फिरत होतं, खाली कुठल्याशा तज्ज्ञाचा फोटोही होता. बांधावरचा बहावा फुलला त्या दिवसापासून भाऊ भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारत होता. हिशोब जूनच्या पहिल्या आठवड्याचा आला. त्याने धूळपेरणी, म्हणजे पावसाआधीच कोरड्या मातीत पेरणी, करून टाकली. पाऊस त्या वर्षी किती रखडला ते सगळ्यांना ठाऊक आहे. एका सकाळी सरी उकरून बघितली तर सरकी (कपाशीचं बी) मुंग्यांनी आतून कोरलेली, हातावर घेतली तर नुसतं टरफल. दुबार पेरणी. भावाने ते कॅलेंडर फाडलं, बहावा मात्र तोडू दिला नाही मी.

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी खातं दरवर्षी घसा फोडून सांगतं. ते कुणी वाचत नाही, कारण ते पिवळंधमक दिसत नाही.

वाडवडील

एका वर्षावरून शतकांचं शहाणपण मोडीत काढायचं? आपल्या पूर्वजांकडे उपग्रह नव्हते, डोळे होते. बहावा, पावशाचं ‘पेर्ते व्हा’, कावळ्याचं घरटं कोणत्या झाडावर किती उंच, मुंग्यांची अंडी. माझे आजोबा बहावा बघून पाऊस सांगायचे आणि एकदाही चुकले नाहीत.

शून्यवजा

आजोबा कधी चुकत नाहीत. चुकलेली वर्षं ते नातवाला सांगत नाहीत.

आकडे घ्या. मुंबईत मोसमी पाऊस २०२३ ला २५ जूनला पोचला आणि २०२५ ला २६ मे रोजीच. दोन वर्षांत बरोबर तीस दिवसांचं अंतर. ४५ दिवस मागे मोजा: २०२३ चा बहावा ११ मेला फुलायला हवा, २०२५ चा ११ एप्रिलला. फुलला का तसा? कोणाकडे तारीख आहे?

वाडवडील

फुलला होता. २०२५ ला आमच्याकडे लवकरच फुलला होता.

शून्यवजा

तारीख?

वाडवडील

चांगलं आठवतंय.

शून्यवजा

तारीख विचारली, वाडवडील. आठवण नाही.

आडवातिडवा

मस्त सापडलात! वर माझ्या तीन झाडांच्या तारखा वाचा. मधला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, कोपऱ्यावरचा १० मेच्या आसपास. म्हणजे पाऊस २०२५ सारखा धावत येवो की २०२३ सारखा रखडो, माझ्या एकाच गल्लीत दोन्ही भाकितं तयार आहेत. पाऊस आला की त्या हिशोबाचं झाड दाखवायचं. शिवाय ‘फुलला’ म्हणजे पहिला घोस की पूर्ण बहर? झाड कुठलं? पाऊस म्हणजे वळवाची सर की मोसमी? हे काहीच ठरलेलं नाही, तेव्हा भाकीत चुकणार कसं?

वाडवडील

परदेशी विद्यापीठ बोललं की विज्ञान, आमचा आजा बोलला की अंधश्रद्धा. चालू द्या.

जिरायती

वाडवडील, माझा आजापण शेतकरीच होता. तो बहावा बघून फार तर म्हणायचा, ‘आता नांगरट उरका.’ पेर म्हणाला नाही कधी. त्याला चाळीस वर्षांत शेजारच्या कुठल्या झाडाची खोड काय ते माहीत होतं. तुम्ही त्यातला आकडा तेवढा उचललात.

दुर्बीणवाली

मूळ विषयावर येते, पण आधी एक जखम दाखवू द्या. दर जूनमध्ये ‘चातक आला, पाऊस आला’ अशी बातमी आणि फोटो पावशाचा! चातक काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, आपल्या बाजूला येणारे आफ्रिकेकडून येतात. पावशा राखाडी, शिक्रा या शिकारी पक्ष्यासारखा दिसतो, कुठून येत नाही, इथेच असतो. एकदा मी चिडून एका दैनिकाला फोन केला. पलीकडचा उपसंपादक शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, दोन्ही पावसाचेच ना?’ आजही आठवलं की रक्तदाब वाढतो.

आता मुद्दा. २००७ मध्ये बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतून मायग्रंटवॉच सुरू झालं, हिवाळी पाहुणे पक्षी केव्हा येतात-जातात याच्या नोंदी सामान्य माणसांनी कराव्या म्हणून. पुढे चातकाच्याही नोंदी मागवल्या. मी त्यात शिरले ती वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी वाचून. ती छापून आली नसती तर मी आजही परीट धोबी शोधत बसले असते. त्यामुळे आडवातिडवा, तुमचं ‘यात पडू नये’ मला मान्य नाही. नीट पडावं.

बोरूबहाद्दर

+१. ताई, पावशाबद्दल आमच्या जमातीच्या वतीने माफी.

आणखी एक. जपानच्या हवामान खात्याने १९५३ पासून फुलांच्या, पाखरांच्या, कीटकांच्या नोंदी ठेवल्या. २०२१ पासून प्राण्यांच्या सगळ्या बंद, वनस्पती सहाच उरल्या. चेरी अर्थातच राहिली. ज्याची बातमी होते त्याची नोंद टिकते, असं माझं मत.

शून्यवजा

मत म्हणालात ते बरं केलंत. पण क्योटोतल्या चेरीच्या बहराच्या नोंदी इसवी सन ८१२ पर्यंत मागे जातात आणि त्या दरबारी मंडळींच्या रोजनिशांतून गोळा केलेल्या आहेत. त्यात २६ मार्च २०२१ चा बहर तोवरचा सगळ्यात लवकरचा ठरला. हे म्हणता आलं, कारण कुणीतरी बाराशे वर्षं तारखा लिहिल्या. तेव्हा कुठली वाहिनी होती?

बोरूबहाद्दर

आणि तेव्हा फुलांचे सोहळे होते म्हणून त्या रोजनिशीत आल्या. दरबार हेच तेव्हाचं माध्यम!

शून्यवजा

ओढूनताणून आहे, पण ठीक.

शाळामास्तर

निवृत्त आहे, उशिरा वाचतो. माझा अनुभव.

आठवीच्या वर्गाला मी झाडं वाटून दिली होती. तीन आठवडे उत्साह, चौथ्या आठवड्यात वह्या रिकाम्या. ‘सर, काही होतच नाही.’ तिथे एक छोटं सामुदायिक रेडिओ केंद्र होतं. त्यांना म्हटलं, शनिवारी पाच मिनिटं द्या. निवेदक मुलांचं नाव, झाड आणि नोंद जशीच्या तशी वाचायचा. ‘अमुक, पळस, पानं नाहीत, कळ्या नाहीत.’ बस. पुढचं नाव. एका पोराचा आंबा अकरा आठवडे ‘काही नाही’ होता आणि तो अकराही आठवडे लिहून आणायचा, कारण रेडिओवर नाव यायचं. बाराव्या आठवड्यात मोहोर आला तर निवेदकानेच टाळ्या वाजवल्या. मग केंद्राचा माणूस बदलला, नव्याने सांगितलं, ‘मास्तर, फुललं असेल तेवढंच पाठवा.’ दोन महिन्यांत वह्या संपल्या.

आडवातिडवा

मास्तर, हे आधी लिहिलं असतंत तर धागा काढायचे माझे कष्ट वाचले असते.

बरं, बोरूबुवा, घ्या: माध्यमांनी यात पडावं. ‘काही नाही’ छापायची तयारी असेल तर. आणि मोहिमेच्या नावातला ‘पहिला’ काढा. बाकी तुमचं ‘निसर्गाशी नातं’ वगैरे मी ऐकलंच नाही असं समजा.

बोरूबहाद्दर

‘बहावा: काही नाही’ असा मथळा घेऊन संपादकाकडे जातो. नोकरी गेली तर तुमच्या गल्लीत चौथं झाड म्हणून उभा राहीन.

रानवाट

आणि काजव्यांचं?

वाडवडील

मी आजही सांगतो, ४५ दिवस. यंदा बघाच.

शून्यवजा

कुठल्या झाडापासून मोजताय ते आजच लिहून ठेवा इथे. पाऊस आला की धागा वर काढतो.

नवखा_०७

माझ्या कुंडीतल्या बहाव्याचं कुणीच सांगितलं नाही.

जिरायती

कुंडीतून काढा.