जुन्या ऑटोमॅटिक गाडीचे ट्रान्समिशन ऑईल घरी बदलताना : खान्देशातले अनुभव

दहा-पंधरा वर्षे जुन्या ऑटोमॅटिक गाड्या आता जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत बऱ्याच दिसू लागल्या आहेत. पुण्या-मुंबईकडे नोकरी करणारी मुले नवी गाडी घेतात आणि जुनी गाडी आई-वडिलांच्या सोयीसाठी गावी आणून ठेवतात. अशा गाडीच्या इंजिनाचे ऑईल वेळच्या वेळी बदलले जाते, पण गिअरबॉक्सच्या ऑईलकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, कारण ‘ते आयुष्यभराचे असते’ असे विकणाऱ्याने सांगितलेले असते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी मात्र तिच्या गिअरबॉक्सचे ऑईल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी बदलावे अशी शिफारस करते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांना टेकतो, हे लक्षात घेतले तर ही मर्यादा ताणण्यात शहाणपण नाही.

ज्यांनी हे काम घरच्या अंगणात किंवा शेतातल्या शेडमध्ये केले आहे, त्यांनी गाडी कोणती, ऑईल कोणते भरले, पातळी कशी तपासली आणि नंतर काय फरक जाणवला, हे सविस्तर लिहावे. ज्यांनी विचारपूर्वक हे काम घरी करायचे टाळले, त्यांचेही अनुभव हवे आहेत.

जळगाव, होंडा सिव्हिक

माझी गाडी २००९ सालची, पाच गिअरची ऑटोमॅटिक आहे. या गिअरबॉक्सला खालून उघडण्याजोगे चेंबर (तळाचा ऑईलचा डबा) नाही आणि आतला फिल्टर गिअरबॉक्स खोलल्याशिवाय निघत नाही. त्यामुळे खालचा ड्रेन बोल्ट काढून ऑईल गाळणे आणि वरून तितकेच भरणे, एवढेच काम घरी करता येते. बोल्टच्या डोक्यात चौकोनी खाच असते आणि तीत ३/८ इंची रॅचेट थेट बसतो, वेगळा पाना लागत नाही.

बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असते. त्यावर काजळाइतकी मऊ, करडी पेस्ट जमलेली होती. ती दोन बोटांत चोळून पाहिली तेव्हा खरखर लागली नाही, म्हणजे झीज नेहमीचीच आहे असा निर्वाळा मिळाला. चमकणारे कण किंवा धातूचा एखादा तुकडा दिसला असता तर ऑईल बदलून भागले नसते. बोल्ट परत लावताना ॲल्युमिनियमचे वॉशर नवे घातले आणि टॉर्क पाना ४९ न्यूटन मीटरवर ठेवून आवळले.

गाळून निघते ते साधारण अडीच लिटर, आणि गिअरबॉक्समध्ये एकूण असते सहा लिटरच्या आसपास. उरलेले टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाची ताकद ऑईलमार्फत गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागात) आणि नळ्यांमध्ये अडकून राहते. म्हणून एकदाच बदलून थांबलो तर नवे ऑईल जेमतेम ४० टक्के होते. मध्ये गाडी चालवून पुन्हा तेच केले की ते ६४ टक्क्यांवर जाते आणि तिसऱ्या वेळी ७८ टक्क्यांवर. त्यापुढे ऑईल जितके खर्ची पडते तितका लाभ होत नाही, असे माझे मत आहे. होंडाने जुन्या झेड-वन ऑईलच्या जागी डीडब्ल्यू-वन आणले असून तेच मी वापरले.

पातळी तपासण्याची होंडाची रीत नीट समजून घ्यावी. एसी बंद ठेवून, रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होईपर्यंत इंजिन तापवायचे, मग इंजिन बंद करायचे आणि ६० ते ९० सेकंदांच्या दरम्यान काडी (ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी) ओढून पाहायची. पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना बसणारा हलका झटका आता गेला आहे.

भुसावळ, ह्युंदाई आय-टेन

रेल्वेच्या कारखान्यात माझी उभी हयात गेली, त्यामुळे जळगावच्या भाऊंनी लिहिलेल्या शिस्तीत मला दोन गोष्टींची भर घालावीशी वाटते. पहिली गोष्ट म्हणजे, ऑईल जिथून भरायचे ती जागा आधी मोकळी होते की नाही हे पाहावे आणि मगच खालचा बोल्ट सोडावा. काही गाड्यांत भरण्यासाठी वेगळा बोल्ट असतो आणि तो वर्षानुवर्षे न हलल्यामुळे घट्ट बसलेला असतो. खालून सगळे ऑईल गळून गेले आणि वरचा बोल्ट निघेना, तर गाडी जागची हलवता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे गाडी पुढून-मागून सारखी उचललेली असली पाहिजे. फक्त पुढची चाके उचलली तर पातळी चुकीची दिसते आणि ऑईलही पूर्ण गळत नाही. मी गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी आणून, तिची दोन टोके गाडीच्या दोन्ही बाजूंच्या खालच्या पट्टीला धरून चारही घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) सारख्या केल्या. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, कितीही घाई असली तरी, जाऊ नये.

माझ्या आय-टेनची रीत होंडाच्या उलट आहे. इथे ऑईल ७० ते ८० अंशांपर्यंत तापवून, दांडा सगळ्या गिअरमधून एकदा फिरवून, इंजिन चालू ठेवूनच काडी पाहावी लागते. इंजिन बंद केले की टॉर्क कन्व्हर्टरमधले ऑईल खाली उतरते, पातळी वर चढलेली दिसते आणि माणूस भरायचे थांबतो. एका गाडीची रीत दुसऱ्या गाडीला लावली की घोटाळा ठरलेला आहे. या गाडीला एसपी-थ्री प्रकारचे ऑईल लागते.

स्वच्छतेबद्दल आपल्या भागात विशेष जपावे लागते. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्या की कापसाचे तंतू हवेत तरंगत असतात आणि काडी पुसायला घेतलेले जुने सुती फडकेही तंतू सोडते. व्हॉल्व बॉडीतल्या (ऑईलचा दाब हव्या त्या गिअरकडे वळवणाऱ्या भागातल्या) वाटा फार बारीक असतात आणि एखादा तंतू किंवा मातीचा कण तिथे अडकला तर गिअर उशिरा पडू लागतो. मी काडी पुसण्यासाठी तंतू न सोडणारा कागद वापरतो, नरसाळे नव्या पिशवीत बांधून ठेवतो आणि बोल्टाभोवतीची माती ब्रशने काढल्याशिवाय तो सोडत नाही.

अमळनेर

माझा अनुभव नाही, शंका आहे. माझी छोटी गाडी क्लचविना चालते आणि विक्रेत्याने ती ऑटोमॅटिक म्हणूनच दिली. तिलाही हेच लाल ऑईल लागते का?

भुसावळ

ताई, तुमची गाडी एएमटी असावी. तिचा गिअरबॉक्स साध्या गाडीसारखाच असतो आणि त्यात साधे गिअर ऑईल असते. क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम एक यंत्रणा करते आणि तिचे हायड्रॉलिक ऑईल वेगळे असते. लाल एटीएफ, म्हणजे वर ज्याची चर्चा चालली आहे ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑईल, त्यात घालू नका. ठरावीक गिअर नसलेल्या सीव्हीटी गाडीचेही ऑईल वेगळेच असते, कारण तिथला पोलादी पट्टा आणि पुली यांच्यातली पकड त्या ऑईलवर अवलंबून असते. गाडीच्या माहितीपुस्तकात जे नाव छापले आहे तेच ऑईल भरावे. ‘सर्व गाड्यांना चालणारे’ असे लिहिलेला डबा मी तरी विकत घेणार नाही.

रावेर, जुनी सेडान

माझ्या गाडीने मला गिअरबॉक्सइतकेच रेडिएटरकडेही पाहायला शिकवले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचे ऑईल थंड करण्यासाठी ते दोन नळ्यांनी रेडिएटरकडे नेलेले असते आणि रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या छोट्या कूलरमधून ते परत येते. म्हणजे एका पातळ धातूच्या भिंतीच्या एका बाजूला कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आणि दुसऱ्या बाजूला एटीएफ असते. गाडीच्या आधीच्या मालकांनी केळीच्या बागेतल्या बोअरचे पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले होते. आमच्या भागातले बोअरचे पाणी जड आहे. त्यातल्या क्षारांची पुटे चढतात आणि कूलंटमधली गंज रोखणारी रसायने नसल्यामुळे धातू हळूहळू खाल्ला जातो.

ऑईल बदलण्यासाठी काडी ओढली तेव्हा तिच्यावर डाळिंबी किंवा तपकिरी रंग नव्हता, दुधाळ गुलाबी फेस होता. कूलंटच्या बाटलीतही तसाच साका दिसला. तिथेच मी काम थांबवले आणि गाडी सुरू न करता दोरीने ओढून नेली, कारण पाणी आणि ग्लायकॉल आत गेले की क्लच प्लेटवरचे घर्षणाचे अस्तर सुटू लागते, आणि गाडी जितकी चालवावी तितके नुकसान वाढते. रेडिएटर नवा बसवला, नळ्या धुऊन घेतल्या आणि ऑईल स्वच्छ लाल निघेपर्यंत पुन्हा पुन्हा बदलले. गाडी वाचली. आता बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणतो आणि कूलंट प्रमाणात मिसळूनच भरतो. जुनी ऑटोमॅटिक गाडी घेणाऱ्याने सौदा ठरवण्याआधी गिअरबॉक्सची काडी आणि कूलंटची बाटली, दोन्ही पाहाव्यात, ही माझी कळकळीची विनंती आहे.

धुळे, टोयोटा कोरोला अल्टिस

माझ्या अल्टिसला खाली पत्र्याचे चेंबर आहे, त्यामुळे ते उतरवून फिल्टर बदलता आला आणि तळाशी ठेवलेली लोहचुंबके पुसता आली. चेंबरचे बारीक बोल्ट दहा न्यूटन मीटरच्याही आतच आवळायचे असतात. लांब पाना घेऊन जोर लावला तर बोल्ट तुटून ॲल्युमिनियमच्या अंगात अडकतो. ऑईल टी-फोर भरले. जितके निघाले तितके मोजून भरण्यासाठी मी आकडे छापलेला पारदर्शक डबा वापरला आणि हाच सगळ्यांत उपयोगी खर्च होता असे मला वाटते.

चाळीसगाव

मी हे काम घरी केले नाही, त्यामागचे कारण सांगतो. माझी गाडी कन्नड घाट चढताना रेस घेत होती, पण त्या मानाने पळत नव्हती. काडीवरचे ऑईल काळे झाले होते आणि त्याला जळका वास होता. ‘जुने ऑईल बदलले की गिअरबॉक्स जातो’ असे एका गॅरेजवर ऐकले होते. वाचन केल्यावर त्यातले तथ्य कळले. अशा गाडीच्या गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटा आधीच जळून गुळगुळीत झालेल्या असतात. नवे ऑईल त्यांना बिघडवत नाही, पण बरेही करत नाही, आणि ऑईल बदलल्यानंतर लवकरच गिअरबॉक्स बसला की दोष त्या बदलावर येतो. ज्या गाडीचे गिअर सुरळीत पडतात आणि ऑईल फक्त तपकिरी झाले आहे, तिचे ऑईल थोडे थोडे करून जरूर बदलावे. ज्या गाडीचा गिअर घसरतो आहे, म्हणजे रेस वाढते पण वेग वाढत नाही, तिच्या गिअरबॉक्समधल्या ऑईलचा दाब आधी तपासून घ्यावा. मशीन लावून दाबाने सगळे ऑईल एकदम धुऊन काढण्याच्या मात्र मी विरोधात आहे, कारण खूप जुन्या गाडीत तळाचा गाळ त्या जोराने उठून व्हॉल्वकडे जाण्याची भीती असते.

जळगाव, काडी नसलेली गाडी

माझ्या गाडीला काडीच नाही. खालच्या बाजूला एक तपासणी बोल्ट असतो. इंजिन चालू ठेवून तो काढला की जास्तीचे ऑईल वाहून जाते आणि धार तुटून थेंब पडू लागले की पातळी बरोबर समजायची. मात्र हे करताना ऑईलचे तापमान माझ्या गाडीसाठी ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान असावे लागते. जळगावात हीच खरी अडचण आहे. मे महिन्यात सावलीतच ४३-४४ अंश असतात, त्यामुळे इंजिन सुरू करून दांडा फिरवेपर्यंत ऑईल ठरलेल्या तापमानाच्या पुढे गेलेले असते. एक लिटर ऑईल दहा अंशांनी तापले की साधारण सात-आठ मिलिलिटरने फुगते. सात लिटर ऑईल तीस अंश जास्त तापलेले असताना पातळी पाहिली तर सुमारे दीडशे मिलिलिटर ऑईल उगाच वाहून जाते आणि गार झाल्यावर तेवढे कमी पडते. ऑईल कमी असले की पंप हवा ओढतो, फेस होतो, दाब पडतो आणि प्लेटा घसरून जळतात.

म्हणून मी हे काम थंडीत करते, आणि गाडी रात्रभर उभी असते त्या जागीच, पहाटे. ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या संगणकाशी जोडणाऱ्या, खाचेत लावायचे छोटे ब्लूटूथ यंत्र आणि मोबाइल यांवर माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सचे तापमान दिसते. आकडा ३५ झाला की बोल्ट सोडते. उन्हाळ्यात करण्याची वेळ आलीच तर सूर्योदयाआधी सर्व तयारी हाताशी ठेवून बसावे, किंवा सरळ पाऊस पडेपर्यंत थांबावे.

शहादा

काढलेल्या ऑईलचे काय करायचे, हे कोणी लिहिले नाही. आमच्याकडे ते शेताच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासतात, कधी बांधावर ओततात. मी शेतकरी असल्याने ठामपणे सांगतो की हे बंद झाले पाहिजे. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑईल घातक कचऱ्यात मोडते, आणि ते जमिनीत मुरले तर विहिरीपर्यंत पोहोचू शकते. नव्या ऑईलच्या रिकाम्या कॅनमध्ये ते भरून, कॅनवर ठळक लिहून, मोठ्या वर्कशॉपमध्ये द्यावे. तिथून अधिकृत पुनर्शुद्धीकरण करणारे ते उचलतात. त्यात कूलंट, पाणी किंवा हात धुतलेले रॉकेल मिसळू देऊ नये, कारण मिसळलेले ऑईल शुद्ध करणे अवघड होते आणि वर्कशॉपवाले ते घ्यायला नकार देतात.