एकाच कार्यक्रमात इतके किताब कशासाठी?

महालकर (नागपूर) यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वडील तरुणपणी नागपुरातल्या महाल भागातील एका तालमीत जात असत, त्यामुळे आमच्या घरी कुस्ती म्हणजे लाल माती आणि किताब म्हणजे महाराष्ट्र केसरीची गदा. गेल्या रविवारी आम्ही दोघांनी न्यू जपान प्रो-रेसलिंग या जपानी व्यावसायिक कुस्ती कंपनीच्या ‘रेसल किंग्डम 14’चे, म्हणजे 4 व 5 जानेवारी 2020 रोजी टोकियो डोम या स्टेडियममध्ये झालेल्या कार्यक्रमाचे, चित्रीकरण पाहिले. दोन दिवसांत इतक्या किताबी लढती झाल्या की कोणत्या किताबाचा पट्टा मोठा आणि कोणत्याचा लहान, हेच उमगेना. शेवटी तेत्सुया नाइतोने काझुचिका ओकादाला हरवून दोन पट्टे मिळवले आणि डोम दणाणून गेला. निकाल आधी ठरलेला असतो हे वडिलांना ठाऊक आहे, तरीही त्यांनी विचारले, “मग लोक एवढा जीव का टाकतात?” मला उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

धरमपेठी यांचे उत्तर

पट्ट्यांचा हिशेब बराचसा आपल्या वजनगटांसारखा आहे. ज्युनिअर हेवीवेट म्हणजे 100 किलोंच्या आतले मल्ल. जोडीच्या लढतींचे किताब वेगळे. आणि तेव्हा सर्वांत वर होता आयडब्ल्यूजीपी (कंपनीच्या किताबांचे नाव) हेवीवेट. प्रत्येक गटाची स्वतःची कथा असते. पहिल्या रात्री विल ऑस्प्रेला हरवून ज्युनिअर किताब घेणाऱ्या हिरोमू ताकाहाशीची मान जुलै 2018 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या लढतीत मोडली होती आणि त्याला किताब सोडावा लागला होता. निकाल ठरलेला असला तरी मान खरीच मोडते, हे वडिलांना अवश्य सांगा.

वर्धा रोडचा वाचक यांचे उत्तर

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर 2020 मध्ये नाही, 2014 मध्ये आहे. नाइतोने 2013 ची जी-1 क्लायमॅक्स स्पर्धा जिंकली होती; तिच्या विजेत्याला तेव्हा सर्वोच्च किताबासाठी लढायला मिळे, म्हणून 4 जानेवारी 2014 रोजी टोकियो डोममध्ये ओकादाशी त्याची लढत सर्वांत शेवटी होणे अपेक्षित होते. परंतु कंपनीने प्रेक्षकांचे मत मागवले आणि प्रेक्षकांनी शेवटचा मान नाकामुरा आणि तानाहाशी या मल्लांच्या, इंटरकॉन्टिनेन्टल या दुय्यम किताबाच्या लढतीला दिला. सर्वोच्च किताबाची लढत असूनही नाइतोला आधी उतरावे लागले, आणि तो हरलाही. इंटरकॉन्टिनेन्टलच्या ज्या पांढऱ्या पट्ट्यामुळे त्याचा मान गेला, तोच पुढे 2016 मध्ये त्याच्याकडे आला, तेव्हा त्याने तो रिंगमध्ये फेकला, आपटला, अक्षरशः मोडकळीस आणला. 2018 मध्ये टोकियो डोममधली शेवटची लढत त्याला मिळाली. तेथे दोरावरच्या उंचीवरून मारलेली त्याची ‘स्टारडस्ट प्रेस’ ही उडी चुकली आणि ओकादा पुन्हा जिंकला. 2020 च्या लढतीत तीच उडी बरोबर अंगावर बसते, तेवढा क्षण वडिलांना थांबवून दाखवा. प्रेक्षक सहा वर्षांची वाट पाहून ओरडत होते, आणि त्यांच्यापैकी काहींनी 2014 मध्ये त्याच्या विरोधात मत दिले असणार, असे मला नेहमी वाटते. हेवीवेट आणि इंटरकॉन्टिनेन्टल हे दोन पट्टे एकाच माणसाकडे जाणे मला म्हणूनच अवाजवी वाटत नाही: एक त्याला हवा होता, दुसऱ्याने त्याचा अपमान केला होता.

सक्करदरा यांचे उत्तर

वरील विवेचन मान्य आहे, पण दोन्ही पट्टे एकत्र आणण्याची किंमतही मोजावी लागली. जानेवारी 2021 मध्ये ते कोता इबुशी या मल्लाकडे गेले आणि मार्चमध्ये दोन्ही विलीन करून एकच जागतिक हेवीवेट किताब तयार झाला. 2012 मध्ये नाकामुराने पुढे आणलेला तो पांढरा पट्टा असा संपला, याचे मला आजही वाईट वाटते.

महालकर (नागपूर)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आता 2014 पासून क्रमाने पाहायचे ठरवले आहे. वडिलांना किताबांपेक्षा ओकादाची पकड आवडली आहे. प्रतिस्पर्ध्याचे मनगट धरून तो त्याला गर्रकन स्वतःकडे ओढतो, गळ्यावर दंडाचा तडाखा देतो, आणि दोघे खाली कोसळले तरी कधी कधी मनगट सोडत नाही. ते दृश्य त्यांनी तीन वेळा मागे घेऊन पाहिले आणि म्हणाले, “याला वस्ताद चांगला मिळाला आहे.”